झाड आमचे, शिक्का कुणाचा?



यवतमाळकडची पंचवीसेक माणसे एका बैठकीसाठी मुंबईला निघाली होती. सोबत मीही होतो. कार्ला फाट्यावर कोणीतरी म्हणाले, एवढ्या लांब आलो आहोत तर एकवीरा आईचे दर्शन घेऊन जाऊ. गाडी वळवली, पायऱ्या चढलो. देवीच्या शेजारीच कार्ल्याचे लेणे आहे, तेही पाहिले.

आतले मोठे चैत्यगृह सव्वाशे फुटांच्या आसपास लांब आहे. वर कमानदार दगडी छत, आणि त्या छताला आतून लाकडाच्या फासळ्या बसवलेल्या. जाणकार सांगतात, ते लाकूड सागाचे आहे आणि लेणे कोरले तेव्हापासूनचे आहे. म्हणजे वय दोन हजार वर्षांच्या आसपास! मावळातला पाऊस, दमट हवा, वाळवी, वटवाघळे हे सगळे सोसून लाकूड जागच्या जागी आहे. जवळच भाज्याच्या लेण्यातही अशाच फासळ्या आहेत.

आमच्यातले एक वयस्कर कास्तकार बराच वेळ मान वर करून बघत राहिले. मग म्हणाले, "काहो भाऊ, ह्या लाकडाले परमीट कोनं देल्लं असन?"

सगळे हसले. मीही हसलो. पण पायऱ्या उतरताना कोणी बोलेना. त्या बाबांच्या बांधावर सागाची सतरा झाडे उभी आहेत. त्यांच्या वडिलांनी लावलेली. दोन वर्षांपूर्वी घरात आजारपण निघाले, पैसा लागला. त्या सतरा झाडांना हात लावता आला नाही. शेवटी सावकाराचा पैसा घेतला. दारात सोन्याची तुळई उभी आणि घरधनी व्याज भरतो आहे, अशी गत!

हा लेख त्या प्रश्नाचे उत्तर आहे.

कापूस-ज्वारीवाल्याला सागाचे काय?

कोणी म्हणेल, आमचे रडणे कापसाच्या भावाचे, ज्वारीच्या भावाचे. तुम्ही हे सागाचे काय काढले? मी म्हणतो, दुखणे एकच आहे. कापूस आठवा. १९७२ पासून एकाधिकार खरेदी आली. पिकवायचा आपण, आणि विकायचा सरकार सांगेल तिथेच. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला तरी कापसाची गाडी सीमा ओलांडली की गुन्हा. ज्वारी आठवा. लेव्ही आणि जिल्हाबंदीच्या दिवसांत घरची ज्वारी लेकीच्या घरी न्यायची तरी चोरासारखी न्यावी लागे. ती दोन्ही दावी आपण झगडून सोडवली. तिसरे दावे बांधावरच्या झाडाला बांधलेले तसेच राहिले, कारण झाड रोज विकायला निघत नाही. चाळीस-पन्नास वर्षांत एकदा निघते. ज्याच्या घरी निघते तो एकटा पडतो, कचेरीच्या पायऱ्या एकटाच झिजवतो आणि गप्प बसतो. एकट्याच्या दुखण्याचा मोर्चा होत नाही, म्हणून हे दावे टिकले.

कोरडवाहू शेतकऱ्याकडे साठवण कसली असते? विहीर नाही, बँकेत ठेव नाही, विमा कागदावरचा. चार शेळ्या, दोन तोळे आणि बांधावरची झाडे. त्यातले झाड हेच सगळ्यात मोठे गाठोडे, आणि त्याचीच गाठ दुसऱ्याच्या हातात.

लाकूड कसले, लोखंडच

सागाची महती शेतकऱ्याला सांगायला नको. नांगराला बाभूळ, चाकाला बाभूळ, पण चौकटीला, दाराला, तुळईला साग. त्याचे कोवळे पान चोळले की तळहात लाल होतो. त्याच्या गाभ्यात तेल असते, शिवाय वाळवीला न मानवणारी द्रव्ये असतात. लाकूड वाळल्यावर फारसे फुगत नाही, आकसत नाही, आणि लोखंडी खिळ्याला लागून कुजत नाही. म्हणूनच जहाजबांधणीत त्याला तोड नव्हती. मुंबईच्या गोदीत वाडिया मंडळींनी इंग्रजांच्या आरमारासाठी सागाची जहाजे बांधली. १८१७ साली पाण्यात सोडलेले 'त्रिंकोमाली' हे त्यातलेच एक. ते आजही इंग्लंडात हार्टलपूल गावी पाण्यावर तरंगते आहे.

लांब कशाला जायचे? अयोध्येच्या राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली लाकूड गेले ते आपल्या बल्लारशाहून. दिल्लीच्या नव्या संसद भवनात बसवलेला सागही नागपूरचा म्हणून मिरवला गेला. त्या लाकडाची वाजतगाजत मिरवणूक निघाली, मंत्र्यांनी फुले वाहिली. आम्हाला त्याचा अभिमानच आहे. पण त्याच चंद्रपूर-यवतमाळच्या मातीत, त्याच जातीचा साग शेतकऱ्याच्या बांधावर वाढला की त्याची मिरवणूक निघत नाही, पंचनामा निघतो. हे का?

महाराजांच्या मुलखात जे कळत होते

उत्तरासाठी तीनशे वर्षे मागे जाऊ. रामचंद्रपंत अमात्यांचे 'आज्ञापत्र' साधारण १७१५-१६ चे. शिवाजी महाराजांच्या वेळेपासूनची राज्यकारभाराची रीत त्यात सांगितली आहे. आरमाराला लाकूड हवे तर काय करावे, हे त्यात आहे. साग आणि तशी जंगलातली झाडे हुजूरची परवानगी घेऊन तोडावीत, कमी पडली तर परमुलखातून विकत आणावीत. पण आंबा, फणस ही झाडे रयतेने वर्षानुवर्षे लेकरांसारखी वाढवलेली असतात, त्यांना हात लावू नये. एखादे झाड जीर्ण झाले असेल आणि घ्यावेच लागले, तर धन्याला राजी करून, मोल देऊन, त्याच्या संतोषाने घ्यावे. जबरदस्ती करू नये.

यातला न्याय नीट पाहा. झाड कुठल्या जातीचे, यावर सगळा हिशेब थांबत नाही. झाड कोणी वाढवले, हा खरा प्रश्न. जे आपोआप जंगलात वाढले त्यावर राज्याची देखरेख. जे रयतेने पाणी घालून, गुरांपासून राखून वाढवले, ते रयतेचे. आरमारासारखे राज्याच्या जिवाचे काम असले तरी तिथे राजानेही मोल देऊन, विचारून घ्यायचे.

इंग्रजांनी हा न्याय उलटा केला. नेपोलियनशी लढाई चालू, विलायतेत ओकचे लाकूड संपत आलेले. नजर गेली मलबारच्या सागावर. १८०६ साली कॅप्टन वॉटसन नावाचा पहिला वनसंरक्षक तिथे नेमला आणि साग हा सरकारी वृक्ष ठरवला. लोकांच्या खाजगी रानातलासुद्धा! इतका बोभाटा झाला की १८२३ साली मद्रासचा गव्हर्नर मन्रो याने ते पदच मोडीत काढले. पण चटक लागली ती लागलीच. आपल्या मुंबई इलाख्याच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यात रयतेला झाडांचा हक्क दिला, तोही सरकारने राखून ठेवलेली झाडे वगळून. राखून ठेवलेली कोणती? साग, शिसव, चंदन. म्हणजे ज्याला मोल आहे ते सरकारचे, आणि बोरी-बाभळी तुमच्या! पुढच्याच काही वर्षांत जोतीराव फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला आणि जंगल खात्याच्या जाचावर कोरडे ओढले, ते उगीच नाही.

मालकी दिली, किल्ली ठेवली

इंग्रज गेला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेचे कलम २५ काढून वाचा. धारण केलेल्या जमिनीवरच्या झाडांचा हक्क धारकाकडे राहील, असे तिथे लिहिले आहे. साग वगळून असे लिहिलेले नाही. पण त्याच्या दोनच वर्षे आधी, १९६४ साली, झाडे तोडण्याचे विनियमन करणारा कायदा राज्याने करून ठेवला होता. त्याच्या अनुसूचीत साग आहे, आंबा, फणस, चिंच, मोह, हिरडा, जांभूळ, ऐन, खैर, चंदन आहे. यातले झाड, मग ते तुमच्या आजोबांनी लावलेले का असेना, वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय तोडायचे नाही. आणि तोडलेच तर १९२७ च्या इंग्रजी वन कायद्याखालच्या नियमांनी वाहतुकीचा पास लागतो. त्याशिवाय लाकूड रस्त्यावर आणायचे नाही.

घर तुमचे, सातबारा तुमचा, फक्त कुलपाची किल्ली आमच्याकडे! याला मालकी म्हणतात काय?

परवानगी म्हणजे एक कागद नव्हे. आधी सातबाऱ्यावर झाडांची नोंद लागते. बापाने झाडे लावली तेव्हा नोंद करायची असते हे त्याला कोणी सांगितले नव्हते, म्हणून नोंद नाही. ती करायला एक फेरा. मग जमिनीची हद्द सिद्ध करा, मोजणी आणा. मग झाडांची पाहणी, मोजदाद, नंबर, घेराची नोंद, पंचनामा. मग परवानगी. तोडल्यावर पुन्हा पाहणी, लाकडावर हातोड्याचा शिक्का, मग वाहतुकीचा पास. प्रत्येक पायरीवर एक माणूस, प्रत्येक माणसाची एक रजा, एक बैठक, एक दौरा. कोण किती मागतो ते मी लिहीत नाही, तुम्हाला माहीत आहे.

मग काय होते? लग्न किंवा दवाखाना थांबत नाही. गावात ठेकेदार येतो. म्हणतो, काका, कागदपत्राची भानगड माझी, तुम्ही नुसता अंगठा द्या. तो उभे झाड घेतो. घेर मोजत नाही, घनफूट काढत नाही, 'नजरेने' भाव करतो. वनखात्याच्या आगारात सागाचा लिलाव होतो तो घेर, लांबी, प्रत पाहून, दहा व्यापाऱ्यांच्या बोलीने. शेतकऱ्याच्या सागाला बोली एकच, ठेकेदाराची. परवान्याने झाड वाचत नाही. परवान्याने फक्त गिऱ्हाईक कमी होते आणि भाव पडतो. पडलेल्या भावातला फरक कुणाच्या खिशात जातो, हे शोधायला चौकशी समिती नको.

आणि सरकारला सुचते काय? ऑगस्ट २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने ठरवले की विनापरवाना झाड तोडण्याचा दंड एक हजारावरून पन्नास हजार करायचा. दंड वाढला की काय होते, हे कापसाच्या सीमाबंदीत आपण पाहिले आहे. माल थांबत नाही. फक्त तो सोडवण्याचा दर वाढतो.

मामांचे उतार

आता दुसरी बाजू. शेतकऱ्याला साग विकता येत नाही, पण शेतकऱ्याच्या जमिनीवर सागाचे स्वप्न मात्र शहरात भरपूर विकले गेले.

माझे आजोळ पवन मावळातले. नव्वदच्या दशकात मी शाळेत होतो. तेव्हा वर्तमानपत्रांत पानपानभर जाहिराती येत. एक रोप घ्या, वीस वर्षांनी लखपती व्हा. मुंबई-पुण्याच्या नोकरदारांनी पैसे भरले. मावळातल्या डोंगरउतारांवर कंपन्यांच्या पाट्या लागल्या. माझ्या मामांनी वरकस जमिनीचा एक तुकडा अशाच एका कंपनीला दिला. नाचणी-वरी पिकवणारी जमीन, भाव बरा वाटला. कंपनीने रोपे लावली आणि मामांनाच राखणदार ठेवले. मामा म्हणायचे, "जमीन आपलीच व्हती, राखतोय बी आपणच, फकस्त पगार दुसऱ्याचा." तीन-चार वर्षांनी पगारही थांबला. फोन लागेना, साहेब येईना. रोपे काठीएवढीच राहिली. पाटी गंजून पडली. पुढे ती जमीन दोनदा विकली गेली आणि आज तिथे बंगले आहेत. मामांच्या घरच्या पोरांना त्या रस्त्याने जायलासुद्धा वॉचमनला विचारावे लागते.

त्या काळातल्या कंपन्यांत चेन्नईची अनुभव प्लँटेशन्स सगळ्यात गाजली. ती १९९८ साली बुडाली आणि हजारो ठेवीदारांचे पैसे गेले. त्यानंतर १९९९ मध्ये सेबीने अशा सामूहिक गुंतवणूक योजनांसाठी नियम केले. ठेवीदार निदान कोर्टात गेले, त्यांच्या बातम्या आल्या. जमीन गेलेल्याची बातमी कोणी केली नाही.

मी शेतकी कॉलेजात गेलो तेव्हा मला पहिल्यांदा कळले की त्या उतारावर साग वाढणारच नव्हता. सागाला खोल, निचऱ्याची, चुनखडीयुक्त जमीन लागते. पाऊस बाराशे ते अडीच हजार मिलिमीटर आणि मधे तीन-चार महिने कोरडे, अशी हवा त्याला मानवते. लोणावळ्याच्या अंगाला पाऊस पडतो चार हजार मिलिमीटरच्या वर, आणि उतारावर वीतभर माती, खाली कातळ. हे कंपनीच्या साहेबाला माहीत नव्हते असे मी मानत नाही. त्याला झाड वाढवायचेच नव्हते, पावती फाडायची होती.

आजही गावोगाव 'टिश्यू कल्चर साग, बारा-पंधरा वर्षांत तयार' म्हणून रोपे विकणारे फिरतात. त्यांना एकच विचारा: बारा वर्षांच्या झाडात गाभा किती? सागाचे मोल त्याच्या आतल्या पिवळ्या-तांबूस गाभ्यात आहे. बाहेरचे पांढरे लाकूड वाळवीला चालते. कोवळ्या झाडात पांढरेच जास्त. वनखाते चांगल्या जंगलातल्या सागाला साठ-ऐंशी वर्षे देते ते हौसेने नव्हे. कार्ल्याच्या फासळ्या बारा वर्षांच्या झाडाच्या नाहीत.

म्हणून कोरडवाहू भावांना माझे सांगणे असे. काळ्या भारी जमिनीत, जिथे पावसाळ्यात पाणी तुंबते, तिथे साग लावू नका. मुळे गुदमरतात. कापूस काढून सागाचे अख्खे वावर करू नका, कारण चाळीस वर्षे पोट कशाने भरणार? नाल्याकाठची गाळाची जमीन, निचऱ्याचा बांध, घरामागचा तुकडा, तिथे लावा. पहिल्या पावसावर स्टंप पहारीने लावले की धरतात. सुरुवातीला दाट लावले तर पुढे दोन-तीनदा विरळणी करा, वाकडे-रोगट आधी काढा. बांधावर लावाल तर दोन झाडांत अंतर ठेवा आणि खालच्या फांद्या छाटा, नाहीतर सावलीत ज्वारी बसते. पावसाळा सरता पानांची चाळणी झालेली दिसली तर घाबरू नका. ती अळी झाड मारत नाही, वाढ थोडी मागे पडते. साग हे पीक नव्हे, ती नातवासाठी केलेली पेरणी आहे.

पण ही विरळणीसुद्धा परवान्याशिवाय करता येत नाही! म्हणजे झाड नीट वाढवायचे ज्ञान विद्यापीठाने द्यायचे आणि ते वापरले तर कायद्याने गुन्हा धरायचा. कॉलेजात मला विरळणीचे अंतर पाठ करायला लावले. परवान्याचा अर्ज कसा लिहायचा तो धडा पुस्तकात नव्हता.

जंगल वाचवायचे ते कोणापासून?

विरोधक म्हणतील, परवाना काढला तर शेतकऱ्याच्या नावावर जंगलातला साग चोरला जाईल. मुद्दा खोटा नाही, मी तो उडवून लावत नाही. जंगलात चोरी होते. पण विचार करा. बाजारात चोरीचे दागिने येतात म्हणून प्रत्येक बाईने गळ्यातले मंगळसूत्र मोडायला फौजदाराचा परवाना आणायचा काय? चोराला पकडायचे काम ज्याचे, त्याने ते जंगलाच्या नाक्यावर करावे. सातबाऱ्यावर झाडे आधीच नोंदलेली असतील, तर सतरा झाडांच्या शेतातून सत्तर झाडांचे लाकूड निघाले की चोरी उघडी पडते. नोंद पुरे आहे. परवाना कशाला?

दुसरे म्हणतील, अडाणी आदिवासी फसेल. म्हणून तर १९६९ चा वेगळा कायदा आहे. आदिवासी खातेदाराचे झाड सरकारी यंत्रणेमार्फतच विकायचे. हेतू चांगला असेल. पण मावळातल्या ठाकराला, महादेव कोळ्याला जाऊन विचारा की या संरक्षणाखाली दुप्पट फेऱ्यांशिवाय काय पदरात पडले. फसवणूक थांबवायची तर त्याला बाजारभाव कळू द्या, खुल्या लिलावात बोली लावणारे चार गिऱ्हाईक येऊ द्या. हात बांधून कोणाचे रक्षण होत नाही.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. ज्या झाडाला तोडायची मुभा नाही ते झाड शेतकरी लावत नाही. उलट बांधावर आपोआप उगवलेले सागाचे रोप तो कोवळेपणीच उपटतो, पुढची कटकट नको म्हणून. आज हे गावोगाव चालते. कायद्याने झाडे राखली नाहीत, कायद्याने झाडे उगवण्याआधीच मारली.

परदेशच्या सागाला पायघड्या

१९८८ च्या राष्ट्रीय वन धोरणातच लिहिले आहे की लाकडावर चालणाऱ्या कारखान्यांनी कच्चा माल शेतकऱ्यांकडून, त्यांना लागवडीला मदत करून घ्यावा. कागदावर छान. प्रत्यक्षात आपला देश परदेशातून सागाचे ओंडके आणतो. ब्रह्मदेशाने एप्रिल २०१४ पासून ओंडक्यांची निर्यात बंद केली, तर घानाचा, इक्वेडोरचा, पनामाचा साग कांडला बंदरात उतरू लागला. दक्षिण अमेरिकेत साग मुळात नव्हताच. आपल्याकडच्या मुलखातून बी गेले, तिथल्यांनी मळे केले, वीसेक वर्षांत तोडले आणि आपल्यालाच विकले. ते लाकूड कोवळे आहे, तरी त्याला गिऱ्हाईक आहे. तिथला मळेवाला आपले झाड आपल्या सोयीने विकतो. बल्लारशाच्या शेजारचा शेतकरी पंचनाम्याची वाट बघतो.

हे बदलता येत नाही असे नाही. बांबूचेच पाहा. बांबू हे गवत, पण १९२७ च्या कायद्याने त्याला झाड ठरवले होते. नव्वद वर्षे ते गवत परवान्यावर कापले गेले. २०१७ साली केंद्राने व्याख्येतून बांबू काढला आणि शेतातला बांबू मोकळा झाला. जंगल बुडाले काय? नाही. लोक बांबू लावू लागले.

जून २०२५ मध्ये केंद्राने शेतजमिनीवरच्या झाडतोडीसाठी नमुना नियम राज्यांना पाठवले. संगणकावर नोंदणी, दहापेक्षा जास्त झाडे असतील तर पाहणी, कमी असतील तर छायाचित्रावर मंजुरी. पाऊल पुढचे आहे, हे मान्य करू. पण दावे सुताचे होते ते नायलॉनचे करून देणे म्हणजे सोडवणे नव्हे. नोंदणी हवी, जरूर हवी. ती हक्काचा पुरावा म्हणून हवी, विनंतीचा अर्ज म्हणून नको.

बैठकीत मांडायचे ठराव

जिल्हा बैठकीत पुढील ठराव मांडावेत, चर्चा करावी, दुरुस्त्या सुचवाव्यात:

१. शेतजमिनीवर लावलेला वा राखलेला साग १९६४ च्या कायद्याच्या अनुसूचीतून वगळावा. सातबाऱ्यावरील नोंद हाच मालकीचा आणि तोडीचा पुरावा मानावा.

२. झाडांची नोंद खातेदाराच्या स्वयंघोषणेवर, ग्रामसभेत वाचून, ठरावीक मुदतीत व्हावी. मुदतीत हरकत न आल्यास नोंद पक्की धरावी.

३. नोंदलेल्या झाडाच्या लाकडाला वाहतूक पास लागू नये. ग्रामपंचायतीचा दाखला पुरेसा मानावा.

४. वनखात्याच्या आगारातील लिलावात शेतकऱ्याला आपले लाकूड स्वतःच्या नावाने, ठेकेदाराशिवाय मांडता यावे. लिलावाचे भाव प्रत्येक बाजार समितीच्या फळ्यावर लागावेत.

५. विरळणी आणि फांद्या छाटणी यांना कोणतीही परवानगी नसावी.

तोवर घरोघरी एक काम करा. आपल्या शेतातली साग, आंबा, चिंच, मोह सगळी झाडे मोजा, घेर लिहा, आणि सातबाऱ्यावर नोंदीचा अर्ज टाका. एकट्याने नाही, अख्ख्या गावाने एका दिवशी. तलाठ्याच्या टेबलावर दीडशे अर्ज एकदम पडले की फेऱ्या मारायची पाळी कुणाची येते ते बघा. पोच घेतल्याशिवाय उठू नका.

कार्ल्याच्या त्या चैत्यगृहात दाराजवळ एक लेख कोरला आहे. धेनुकाकट गावच्या सामी नावाच्या सुताराने, वेणुवासाच्या मुलाने, ते दार घडवले अशी नोंद त्यात आहे. राजे आले, राजवटी गेल्या, पण ज्याने काम केले त्याचे नाव दगडावर राहिले. आम्ही दगड मागत नाही. आमच्या बापाने लावलेल्या झाडापुढे आमच्या बापाचे नाव सातबाऱ्याच्या कागदावर असावे, आणि ते झाड विकायला आम्हाला कुणापुढे टोपी काढायला लागू नये, एवढेच मागतो आहोत.

बाबांच्या प्रश्नाला तेव्हा मी उत्तर दिले नाही, आज देतो. बाबा, त्या लाकडाला परमीट कोणी दिले ते मला माहीत नाही. पण तुमच्या सतरा झाडांचे परमीट तुमच्या वडिलांनी कधीच देऊन ठेवले आहे. रोप लावले त्या दिवशी.